स्टॅट्स कळलं, की फक्त आउटपुट आलं?

जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकराला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ‘प्रॅक्टिकल नंबर सातचं आउटपुट कुणाकडे आहे का रे?’ पाच मिनिटांत एक्सेलची फाइल पडते. दहा मिनिटांत ती सगळ्यांकडे असते. थोडे हुशार असतात ते दोन आकडे बदलतात, फार हुशार असतात ते फॉन्टही बदलतात. सकाळी सगळ्यांची जर्नल्स सर्टिफाय होतात. मग व्हायवाला मॅडम विचारतात, ‘हा पी-व्हॅल्यू ०.०३ आलाय, म्हणजे नक्की काय झालं?’ आणि वर्गातले बहुतेक जण छताकडे बघायला लागतात.

छताकडे बघणाऱ्यांत मीही होतो. तुम्हीही असाल. तुम्ही बीकॉमला असा, बीएस्सीला, बीएमएसला, इकॉनॉमिक्स किंवा सायकॉलॉजीला, नाहीतर माझ्यासारखे मास कॉमला; कुठल्या ना कुठल्या सेमिस्टरला संख्याशास्त्र तुम्हाला गाठतंच. आणि गंमत म्हणजे हा विषय शिकायला आज जेवढी साधनं आहेत, तेवढी आपल्या आधीच्या कुठल्याच बॅचला मिळाली नव्हती. यूट्यूबवर लेक्चर्स आहेत, ‘स्वयम’वर कोर्स आहेत, एक्सेल आहे, आर आणि पायथन फुकट आहेत, आता तर चॅटबॉटही आहे. मग तरी स्टॅट्स म्हटलं की आपल्या पोटात गोळा का येतो?

या प्रश्नाचं सोपं उत्तर ‘टूल्सचा काही उपयोग नाही’ असं आहे. ते चुकीचं आहे. दुसरं सोपं उत्तर ‘टूल्स आली, आता सगळं सोपं झालं’ असं आहे. तेही चुकीचं आहे. खरं उत्तर जरा मधलं आहे. ई-लर्निंगची साधनं संख्याशास्त्रात प्रचंड उपयोगी पडतात, पण एका अटीवर. ती अट कॉलेजेस पाळत नाहीत आणि आपणही पाळत नाही.

सगळ्यालाच ई-लर्निंग म्हणायचं?

आधी एक घोळ मिटवू. ‘आमच्याकडे ई-लर्निंग आहे’ असं कॉलेज सांगतं, तेव्हा त्याचा अर्थ काहीही असू शकतो. सरांनी वाचून दाखवलेली पीपीटी ग्रुपवर टाकली, झालं ई-लर्निंग. लेक्चरचा व्हिडिओ केला, झालं. गुगल फॉर्मवर दहा मार्कांची एमसीक्यू घेतली, तेही झालं.

पण नीट बघा. पीपीटी म्हणजे फळाच, फक्त तो मोबाइलमध्ये आला. व्हिडिओ म्हणजे तेच लेक्चर, फक्त ते दीडपट वेगानं बघता येतं. त्याचा फायदा नाही असं नाही. परीक्षेआधी एखादा भाग तीनदा ऐकता येतो, आणि वर्गात हात वर करायची लाज वाटते त्यांना हे फारच बरं पडतं. पण या प्रकारात आपण बघतो, ऐकतो आणि पुढे जातो. करत काहीच नाही.

दुसऱ्या प्रकारची साधनं वेगळी आहेत. त्यात एखादा आकडा तुम्ही बदलता आणि चित्र तुमच्यासमोर बदलतं. एक्सेल आणि गुगल शीट्स आपल्या ओळखीचे आहेतच. जिओजेब्रा फुकट आहे आणि मोबाइलवर चालतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात तयार झालेलं ‘सीइंग थिअरी’ ब्राउझरमध्ये उघडतं. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेली ‘आर’ ही भाषा तर आता जगभरचे संख्याशास्त्रज्ञ वापरतात आणि तिला एक रुपयाही पडत नाही.

हा फरक किती मोठा आहे? २०१४ मध्ये विज्ञान, इंजिनीअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. नुसत्या लेक्चरनं शिकणाऱ्या वर्गांत नापास होण्याचं सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं. ज्या वर्गांत मुलांना काहीतरी करायला, सोडवायला, चर्चा करायला लावलं, तिथे ते सुमारे २२ टक्के होतं. यात स्क्रीन होती की नव्हती हा मुद्दाच नव्हता. मुलांचे हात आणि डोकं कामाला लागलं होतं का, हा होता. म्हणून कुठलंही टूल समोर आलं की हाच प्रश्न विचारा: इथे मी काय करतोय?

हिशेबाचं ओझं उतरलं, मग?

टूलचा पहिला फायदा उघड आहे, तो म्हणजे हिशेब. सहसंबंध काढायचा म्हणजे एक्स, वाय, एक्स-वाय, एक्सचा वर्ग, वायचा वर्ग असे पाच कॉलम आखायचे, दहा ओळी भरायच्या, बेरजा करायच्या, सूत्रात टाकायच्या. सातव्या ओळीत एक वर्ग चुकला की पुढचं सगळं पाण्यात. एवढं करून हाती येतं ०.८१६. त्याच्याखाली ‘उच्च धन सहसंबंध’ असं लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. त्या दहा जोड्या कशाच्या होत्या, हे पेपर दिल्यावर कुणाला आठवत नाही.

०.८१६ हा आकडा मी उगाच नाही घेतला. फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम्ब नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये आकड्यांचे चार छोटे संच तयार केले. प्रत्येकात अकरा जोड्या. चारही संचांत एक्सची सरासरी ९, वायची सरासरी ७.५, सहसंबंध जवळपास ०.८१६ आणि रिग्रेशनची रेषाही तीच. हातानं सोडवलंत तर चारही उत्तरं सारखी येतील, चारही ठिकाणी पूर्ण मार्क मिळतील. आता ते चार संच आलेखावर टाका. पहिल्यात ठिपके रेषेच्या आजूबाजूला नीट पसरलेले. दुसऱ्यात चक्क वक्र, सरळ रेषेचा संबंधच नाही. तिसऱ्यात सगळे ठिपके एका रेषेत आणि एकच पठ्ठ्या बाहेर, ज्यानं पूर्ण रेष वाकडी केली. चौथ्यात एक सोडून सगळे ठिपके एकावर एक उभे. म्हणजे उत्तर एकच, गोष्टी चार.

ही गोष्ट हातानं शिकायला अख्खी दुपार जाईल. शीट्समध्ये दहा मिनिटं लागतात. टूलचा खरा उपयोग हा आहे. वाचलेला वेळ आकड्याचा अर्थ बघण्यात घालवता येतो. पण आपण वाचलेला वेळ रील्समध्ये घालवतो, ही गोष्ट वेगळी.

‘हातानं केल्याशिवाय विषय कळत नाही,’ असं बरेच शिक्षक म्हणतात. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. २, ४, ४, ६, ९ हे पाच आकडे घ्या. सरासरी ५. प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर काढा, वर्ग करा, बेरीज येते २८. आता प्रमाण विचलन काढायला २८ ला ५ नं भागायचं की ४ नं? एक्सेलमध्ये यासाठी दोन वेगवेगळी फंक्शन्स आहेत. एकाच्या शेवटी पी असतो, ते पाचानं भागतं आणि २.३७ देतं. दुसऱ्याच्या शेवटी एस असतो, ते चारानं भागतं आणि २.६५ देतं. पी म्हणजे समोर पूर्ण समूह आहे, एस म्हणजे समोर फक्त नमुना आहे. यातलं कुठलं निवडायचं, हे एक्सेल सांगत नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागतं. म्हणून पाच आकडे एकदा हातानं करा, पन्नास आकडे मशिनला करू द्या. हातानं पन्नास करायला लावणं ही शिक्षा आहे, आणि एकही न करणं ही फसवणूक.

फळ्यावर न दिसणारी गोष्ट

टूलचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. संख्याशास्त्राची जी मूळ कल्पना आहे, ती फळ्यावर दाखवताच येत नाही. ती कल्पना अशी: आपण एकच नमुना घेतो, पण तोच नमुना पुन्हा पुन्हा घेतला असता तर उत्तर किती हललं असतं? स्टँडर्ड एरर, कॉन्फिडन्स इंटरव्हल, पी-व्हॅल्यू हे सगळं त्या ‘पुन्हा पुन्हा’वर उभं आहे. सर फळ्यावर एक घंटेसारखा कर्व्ह काढतात. तो कुठून आला हे आपल्याला कधी दिसतच नाही.

मोबाइल हातात असेल तर आत्ताच करून बघा. समजा, तुमच्या कॉलेजमधली ४० टक्के मुलं लोकलनं येतात. तुम्ही २५ जणांना विचारणार आहात. गुगल शीट्समध्ये पहिल्या २५ ओळींत रँड हे फंक्शन टाका. ते प्रत्येक ओळीत शून्य ते एकमधला कुठलाही आकडा देतं. ०.४ पेक्षा लहान आकडा आला की समजायचं, हा लोकलवाला. असे किती आले ते काउंटइफनं मोजा. आता कुठल्याही रिकाम्या चौकटीत काहीतरी टाइप करा, सगळे आकडे बदलतील. एक्सेलमध्ये एफ-९ दाबलं तरी चालेल. प्रत्येक वेळी तो एक नवा सर्व्हे आहे.

कधी २५ पैकी १२ येतील, कधी ७, कधी १३. खरं प्रमाण ४० टक्केच आहे, ते हललेलं नाही, तरी तुमचं उत्तर साधारण २० ते ६० टक्क्यांच्या मध्ये कुठेही उड्या मारेल. आता २५ ऐवजी ४०० ओळी घ्या. उड्या कमी होतील, उत्तर साधारण ३५ ते ४५ टक्क्यांत राहील. नमुना सोळापट वाढवला, पण चूक फक्त चौपट कमी झाली. पुस्तकातल्या सूत्रात एनचं वर्गमूळ का असतं, ते इथे डोळ्यांना दिसतं. ‘२५ तरुणांच्या पाहणीत असं दिसून आलं’ अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा त्या उड्या तुम्हाला आठवतील. मला तर बातमी लिहितानाही आठवतात.

आधी अंदाज, मग क्लिक

आता ती अट. अमेरिकेतल्या रॉबर्ट डेलमास, जोन गारफिल्ड आणि बेथ चान्स या तीन शिक्षक-संशोधकांनी वर सांगितलेली गोष्ट शिकवण्यासाठी एक सॉफ्टवेअर वर्गात वापरून बघितलं. त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सॉफ्टवेअर छान होतं. मुलांनी क्लिक केलं, आलेख बघितले, सूचनेप्रमाणे सगळं केलं. नंतर चाचणी घेतली तर बऱ्याच मुलांच्या डोक्यातले गैरसमज जिथल्या तिथेच. चित्रं बघितली होती, पण त्यांनी डोक्यात काही हलवलं नव्हतं.

मग त्यांनी सॉफ्टवेअर तेच ठेवलं आणि कामाचा क्रम बदलला. आधी मुलांनी सांगायचं, आलेख कसा दिसेल असं तुम्हाला वाटतं. मग सॉफ्टवेअर चालवायचं. मग आपला अंदाज आणि समोरचं चित्र यांतला फरक बघायचा आणि तो का पडला ते शोधायचं. या वेळी समज बरीच सुधारली. सगळ्यांचं सगळं बरोबर आलं असं नाही, पण फरक मोठा होता.

हे वाचून मला आपलं नेहमीचं शहाणपण आठवलं. पोहायला शिकायचं तर पाण्यात पडावं लागतं, काठावरून बघून चालत नाही. इथे अंदाज सांगणं म्हणजे पाण्यात पडणं. आपला अंदाज चुकला की जी चुटपुट लागते, ती शिकवते. अंदाजच केला नाही तर समोर काहीही आलं तरी आपण मान डोलावतो, ‘हो हो, असंच असणार.’

पी-व्हॅल्यूवरच करून बघू, कारण व्हायवाला सगळे तिथेच अडकतात. तुमची मैत्रीण म्हणते, ‘डोळे मिटूनही मी टपरीचा चहा आणि कँटीनचा चहा ओळखते.’ तुम्ही दहा कप देता. ती सात बरोबर ओळखते. मानायचं का? थांबा, आधी अंदाज करा. जिला काहीच ओळखता येत नाही, जी निव्वळ ठोकून देते, तिचे दहापैकी सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता किती? मनातला आकडा कागदावर लिहा.

लिहिलात? आता शीट्समध्ये दहा नाणी उडवा, पुन्हा पुन्हा उडवा. किंवा गणितानं काढा. उत्तर येतं सुमारे १७ टक्के. म्हणजे साधारण सहा ठोकाठोकी करणाऱ्यांमागे एक जण एवढं करूनच दाखवतो. आणि नऊ किंवा दहा कप ओळखले असते तर? ती शक्यता फक्त एक टक्क्याच्या जवळ. ही १७ टक्के किंवा १ टक्का म्हणजेच पी-व्हॅल्यू. ‘हिला काहीच येत नाही’ असं धरून चाललो, तर असा किंवा याहून भारी निकाल नुसत्या नशिबानं मिळण्याची शक्यता. ‘हिला येत नाही याची शक्यता १ टक्का’ असा त्याचा अर्थ होत नाही. ही गफलत मुलंच करतात असं समजू नका. संशोधकही इतकी करतात, की २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला पी-व्हॅल्यूचा अर्थ काय आणि काय नाही, यावर जाहीर निवेदन काढावं लागलं.

टूलला काय दिसत नाही

इथपर्यंत टूलचं कौतुक झालं. आता माझी स्वतःची फजिती सांगतो. रिसर्च मेथडॉलॉजीच्या प्रोजेक्टला मी गुगल फॉर्म केला होता. विषय होता, तरुण बातम्या कुठे वाचतात. लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकली, शाळेच्या ग्रुपवर टाकली, इन्स्टाच्या स्टोरीला लावली. शंभरच्या वर उत्तरं आली. गुगलनं आपोआप रंगीत पाय चार्ट काढून दिले. मी ते उचलले, खाली लिहिलं, ‘बहुसंख्य तरुण बातम्या सोशल मीडियावर वाचतात.’ मार्क चांगले मिळाले.

कुणीही विचारलं नाही, की सोशल मीडियावर लिंक टाकून, सोशल मीडियावर असलेल्या माझ्याच मित्रांना विचारलं, तर दुसरं काय उत्तर येणार होतं? पाय चार्टला ते दिसत नाही. फॉर्म कुणी भरला ते त्याला कळतं, कुणी भरला नाही ते कळत नाही.

ही चूक फार जुनी आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं २४ लाखांच्या आसपास उत्तरं जमा केली आणि लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट दणदणीत मतांनी जिंकले. साप्ताहिकानं पत्ते गोळा केले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून, म्हणजे मंदीच्या काळातल्या सुस्थितीतल्या घरांतून. शिवाय उत्तर पाठवायची तसदी घेणारेही ठरावीक लोकच होते. आपल्याकडे १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोल्स एनडीएला ३५० च्या पुढे नेत होते. ४ जूनला आकडा आला २९३. पोल्सचे नमुने काही २५ जणांचे नव्हते, मोठे होते. आपण शीट्समध्ये केलेला प्रयोग फक्त नशिबानं होणारी चूक दाखवतो. त्यात प्रत्येक ओळीला सारखी संधी होती. खऱ्या जगात ती नसते. ही समज कुठलंही बटण देत नाही. त्यासाठी वर्गात बसून, ‘हा डेटा आला कुठून?’ यावर भांडावं लागतं. म्हणून सर-मॅडमची जागा अ‍ॅप घेईल, या भ्रमात राहू नका.

लॅपटॉप कुणाकडे?

आता आपल्या आजूबाजूला बघू. एनपीटीईएल २००३ मध्ये सुरू झालं, ‘स्वयम’ २०१७ मध्ये. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्सेस ‘स्वयम’वरून करून त्यांचे क्रेडिट्स घेता येतात. कागदावर दार सताड उघडं आहे.

पण दारातून आत जाऊन शेवटपर्यंत कोण पोहोचतं? हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी ३.१३ टक्के जणांनीच कोर्स पूर्ण केला. लगेच ‘ऑनलाइन कोर्स फेल’ म्हणू नका. त्याच अभ्यासात, प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये पूर्ण करणारे साधारण ४६ टक्के होते. कोर्स तेच, भागाकारातला खालचा आकडा बदलला. आणि पैसे भरल्यामुळे त्यांनी पूर्ण केला, की पूर्ण करायचं पक्कं होतं म्हणून पैसे भरले? बघा, स्टॅट्सचा प्रश्न स्टॅट्सच्या कोर्सलाही सोडत नाही.

आणि साधनं मुळात हातात आहेत का? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या फक्त १०.७ टक्के घरांत कॉम्प्युटर होता. शहरात २३.४ टक्के, ग्रामीण भागात ४.४ टक्के. इंटरनेटची सोय २३.८ टक्के घरांत होती. हे आकडे लॉकडाउनच्या आधीचे आहेत. त्यानंतर मोबाइल इंटरनेट खूप पसरलंय, म्हणून ते आजचे म्हणून कुणाच्या तोंडावर फेकू नका. पण एक गोष्ट त्यातून उरतेच. नेट असणं आणि कॉम्प्युटर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेक्चर मोबाइलवर बघता येतं. आरमध्ये कोड लिहायला पाच इंचांच्या स्क्रीनवर बोटं दुखतात. म्हणजे ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे, त्याच्या वाट्याला बघायचं ई-लर्निंग येतं, आणि लॅपटॉपवाल्याच्या वाट्याला करायचं. खरी दरी इथे पडते.

त्यात भाषा. स्टॅट्सची बहुतेक चांगली साधनं इंग्रजीत आहेत. बारावीपर्यंत मराठीतून मध्यक, बहुलक शिकलेल्या मुलाला आधी मीडियन, मोड हे शब्द पचवायला लागतात, मग विषय. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिबरऑफिस कॅल्कसारख्या फुकट सॉफ्टवेअरचे छोटे धडे मराठीतही आहेत. एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला तसंच करत जायचं, अशी त्यांची पद्धत आहे. ज्यांचं इंग्रजीशी जमत नाही त्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

पेपर तोच, मग शिकणं कसं बदलणार?

सगळ्यात अवघड गाठ मात्र परीक्षेची आहे. वर्गात कितीही सुंदर सिम्युलेशन दाखवलं तरी पेपरात दहा जोड्या देऊन ‘सहसंबंध गुणांक काढा’ एवढंच येणार असेल, तर आपण सिम्युलेशनच्या तासाला कँटीनमध्ये बसणार. आपण आळशी आहोत म्हणून नाही. आपल्याला हिशेब चांगला कळतो म्हणून.

अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं कॉलेजमधल्या स्टॅट्ससाठी केलेली मार्गदर्शक तत्त्वं २०१६ मध्ये सुधारून आली. त्यांचा रोख स्पष्ट आहे: कल्पना समजण्यावर भर द्या, खरा डेटा वापरा, तंत्रज्ञान वापरून कल्पना उलगडा, आणि परीक्षा अशी घ्या की तिच्यातूनही शिकणं होईल. आपल्याकडे यातलं शेवटचं वाक्य सुटलंय. नव्या शैक्षणिक धोरणानं क्रेडिट्सची मांडणी बदलली, मेजर-मायनर आले, स्किलचे कोर्स आले. पण प्रश्नपत्रिकेतला प्रश्न तोच राहिला, तर बाकीचं बदलून उपयोग काय?

बदल करायला फार पैसेही लागत नाहीत. आउटपुट प्रश्नपत्रिकेतच छापून द्या आणि विचारा, ‘यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही?’ ग्रुपवर फिरणारी फाइल त्या क्षणी बिनकामाची होईल. चॅटबॉटचा प्रश्नही बराचसा सुटेल. आज असाइनमेंट चॅटबॉटकडून करून घेता येते, कारण असाइनमेंट फक्त उत्तर मागते. तुमच्याच वर्गातून, तुम्ही जमवलेल्या डेटावर, तुमच्या तोंडून अर्थ मागितला तर ते एवढं सोपं राहत नाही.

तोपर्यंत आपण काय करायचं? पेपर बदलायची वाट बघत बसलो तर आपली डिग्री संपेल. तीन सवयी आजपासून लावता येतात. कुठलंही बटण दाबायच्या आधी वहीत आपला अंदाज लिहायचा, चुकला तर खोडायचा नाही. सहसंबंध काढायच्या आधी आलेख बघायचा, कायम. आणि चॅटबॉटला ‘उत्तर दे’ म्हणायच्या ऐवजी ‘मला प्रश्न विचार आणि माझी चूक दाखव’ म्हणायचं, त्यानं दिलेला आकडा शीट्समध्ये स्वतः ताडून बघायचा.

ही गोष्ट मार्कांपुरती असती तर एवढं लिहिलं नसतं. उद्या तुमच्यातलं कुणी बँकेत कर्जाचे अर्ज तपासेल, कुणी औषधाच्या चाचणीचा डेटा भरेल, कुणी माझ्यासारखं ‘अमुक टक्के लोकांना वाटतं’ अशी हेडलाइन देईल. तेव्हा आउटपुट काढून देणारी मशिन्स आजच्यापेक्षाही जास्त असतील. त्याचा अर्थ विचारला की छताकडे बघणारा माणूस मात्र कुणालाच नको असेल.

आज रात्री ग्रुपवर ‘आउटपुट कुणाकडे आहे?’ असा मेसेज आला तर फाइल टाका, मैत्री तोडू नका. फक्त तिच्याबरोबर एक प्रश्नही टाका: ‘हे असं का आलं, कुणाला सांगता येईल?’ बघा कोण उत्तर देतंय.